विश्लेषण : आधी झोप, मग झेप! बायपोलर आजारासह उभारी कशी घेता येते?

बायपोलर डिसऑर्डरचे निदान झाले की नोकरी, लग्न, स्वप्ने सारे संपले, असा समज अजूनही अनेक घरांत आहे. मुंबईतील अपर्णा पिरामल राजे यांचा अनुभव वेगळा आहे. ऑफिस फर्निचर बनवणाऱ्या बीपी एर्गो कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद सांभाळलेल्या, पुढे स्तंभलेखिका झालेल्या राजे यांनी या आजारासह जगण्यावर २०२२ मध्ये ‘केमिकल खिचडी’ हे पुस्तक लिहिले. औषधोपचारांसोबत कुटुंबाची माया, जवळच्यांची साथ, काम आणि जीवनशैली अशा सात ‘थेरपीं’ची मांडणी त्यात आहे. म्हणजे औषध हा पाया, पण इमारत त्यावर उभारावी लागते. ती कशी?

हा आजार नेमका काय?

मूड बदलणे म्हणजे बायपोलर नव्हे. यात मनःस्थितीची दोन टोके असतात. एक मॅनिया, म्हणजे उन्माद. किमान आठवडाभर प्रचंड उत्साह किंवा चिडचिड, भरधाव विचार, अफाट खर्च, धाडसी निर्णय आणि कमी झोपूनही थकवा नाही. दुसरे टोक नैराश्याचे. ते किमान दोन आठवडे टिकते. मधल्या काळात अनेक जण नेहमीसारखे काम करतात. रुग्ण बऱ्याचदा नैराश्यातच डॉक्टरांकडे जातो. जुना उत्साहाचा काळ सांगितला नाही, तर निदान चुकू शकते. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काहींमध्ये उन्माद उसळू शकतो.

उत्साहात काम जास्त होते, मग उपचार कशाला?

अनेकांना नेमका हाच प्रश्न पडतो. चढत्या टप्प्यात कल्पना भराभर सुचतात, पण सुरू केलेले तडीस जात नाही. कर्ज, तुटलेली नाती आणि सोडलेली नोकरी यांचा हिशेब नंतर भरावा लागतो. प्रगती होते ती दोन टोकांमधल्या स्थिर काळात. तो काळ वाढवणे हाच उपचारांचा हेतू.

उलव्यात हा विषय जवळचा का?

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. शेजारी जेएनपीए बंदर आहे. बंदर, विमानतळ, मालवाहतूक, आयटी ही पाळ्यांमध्ये चालणारी कामे. अपुरी किंवा सतत सरकणारी झोप उन्मादाला निमंत्रण देऊ शकते. त्यातच वस्ती नवी. गावाकडची माणसे लांब असली, तर बदल वेळीच टिपणारे कोणी जवळ नसते.

पिट्सबर्ग विद्यापीठातील एलेन फ्रँक यांनी याच धाग्यावर उपचारपद्धती विकसित केली. उठणे, जेवणे, काम आणि झोप यांच्या वेळा ठरावीक ठेवायच्या आणि नात्यांतले ताण सोडवायचे. औषधांसोबत ही पद्धत वापरल्यास पुढचा झटका लांबतो, असे त्यांच्या २००५ मधील अभ्यासात दिसले. त्यामुळे निदान झालेल्यांनी रात्रपाळीबाबत डॉक्टरांशी बोलून शक्यतो एकच पाळी मागून घेणे हिताचे.

औषधे बरे वाटल्यावर बंद करावीत का?

स्वतःहून नाही. अनेकदा औषधांमुळेच बरे वाटत असते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. आजही ते प्रमुख औषध आहे. ते घेताना रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइडची नियमित तपासणी लागते. उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाले किंवा काही वेदनाशामक गोळ्या परस्पर घेतल्या, तर लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. गर्भधारणेचा विचार असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.

ध्येय कसे ठरवावे?

ध्येय छोटे आणि वाईट दिवसातही थोडे झेपेल असे असावे. रोज अर्धा तास चालणे, आठवड्यातून एक शिकवणी, अर्धवट राहिलेला कोर्स. मोठी खरेदी किंवा राजीनामा यांसारख्या निर्णयांआधी दोन रात्री नीट झोप आणि एका विश्वासू माणसाशी बोलणे, हा नियम बरे असतानाच करून ठेवावा. झोप, मूड आणि खर्चाची रोज एक ओळ मोबाइलमध्ये लिहिली तरी धोक्याची खूण लवकर दिसते.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे. आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत किंवा नकोत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आपला प्रतिनिधीही नेमू शकते. आजारपणातही आपला शब्द चालावा, यासाठीची ही तरतूद आहे.

मदत कुठे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत असून २४ तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील किंवा झोप न लागताही उत्साह ओसंडत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच मदत घ्यावी.