विरघळलेलं मीठ गेलं कुठे? – द्रव्य, बदल आणि ऊर्जा मोजून शिकवूया

चौथी-पाचवीच्या एखाद्या मुलाला विचारून बघा. पेल्यात पाणी घेतलं, दोन चमचे मीठ टाकलं, ढवळलं. आता पेल्याचं वजन वाढलं की होतं तेवढंच राहिलं? बरीच मुलं सांगतात, "तेवढंच राहिलं. मीठ तर विरघळलं ना!" विरघळणे, वितळणे, बाष्पीभवन हे सगळे शब्द त्यांना येतात, व्याख्याही पाठ असतात. पण मनात विरघळणे म्हणजे संपून जाणे. पेपरात गुण पूर्ण मिळतात, त्यामुळे हा घोळ आपल्याला कळतही नाही.

म्हणून हा घटक शिकवताना आधी काटा आणि मग व्याख्या, असा क्रम ठेवावा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा पुरतो. रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. 200 ग्रॅम पाणी घ्या. वेगळं मोजलेलं 20 ग्रॅम मीठ टाकण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, हे महत्त्वाचं. अंदाज लिहिला नाही तर उत्तर दिसल्यावर सगळेच म्हणतात, "मला माहीतच होतं." काटा 220 दाखवतो. मीठ दिसत नाही, पण आहे.

पाण्याच्या पातळीवर आधी खूण करून ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. पातळी थोडीशीच चढते, टाकलेल्या मिठाच्या ढिगाएवढी नाही. म्हणजे वस्तुमानाची बेरीज बरोबर जुळली, आकारमानाची नाही. या दोन शब्दांतला फरक समजवायला घरातली तेलाची पिशवीही उपयोगी पडते. तिच्यावर 1 लिटर आणि 910 ग्रॅम असं दोन्ही छापलेलं असतं. 1 लिटर पाणी मात्र जवळपास 1 किलो भरतं. (वजन आणि वस्तुमान यांतला शास्त्रीय फरक या वयात ताणू नये. वाण्याकडे आपण सगळेच 'वजन' म्हणतो, मुलांनाही म्हणू द्या.)

आता वायूची पाळी. इथे मुलं खरी फसतात, कारण वायूला वजन असतं हेच त्यांना पटत नाही. शीतपेयाची 1 लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. काचेची अजिबात नको, दाबाने फुटू शकते. तिच्यात अर्धा कप व्हिनेगर घ्या. कागदाच्या पुडीत सपाट चमचाभर, म्हणजे 4 ग्रॅमच्या आसपास, खाण्याचा सोडा बांधा. बाटली, झाकण, पुडी सगळं एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहा. मग पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावा. हे काम मोठ्यांनीच करावं. आत फसफस होते, बाटली कडक होते, पण काटा तोच आकडा दाखवतो. झाकण हळूच सैल केलं की सूं आवाज येतो आणि काटा एक-दोन ग्रॅमने खाली येतो. तो गेलेला ग्रॅम म्हणजे कार्बन डायऑक्साइड! फ्रान्सच्या लव्हाझिएने 1774 मध्ये बंद भांड्यात कथील तापवून असाच आधीचा आणि नंतरचा हिशेब मांडला होता.

ऊर्जेचं काय? ती काट्यावर ठेवता येत नाही. पण तिने केलेलं काम मोजता येतं. यासाठी मला सर्वांत आवडतं ते संक्रांतीचं सुगड. रंग न दिलेलं, न गळणारं एक सुगड रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर ते स्वतःच पाणी पीत बसेल आणि हिशेब चुकेल. सकाळी त्यात पाणी भरा, तेवढंच पाणी स्टीलच्या डब्यात घ्या, दोन्हींवर झाकण ठेवा. सुगडाखाली ताटली ठेवून ताटलीसकट वजन करा, म्हणजे झिरपलेलं पाणी हिशेबातून सुटणार नाही. दोन्हींच्या पाण्याचं तापमानही लिहा. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, प्रयोगशाळेतला लागतो. वाऱ्याच्या खिडकीत सावलीला ठेवून तीन-चार तासांनी पुन्हा मोजा.

डब्याचं वजन तेवढंच असतं. सुगड हलकं झालेलं असतं आणि त्यातलं पाणी गार. मुलांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला लावा आणि जरा वेळ गप्प बसा. पाणी कमी होणं आणि गार होणं यांचा संबंध कोणीतरी जोडतंच.

हिशेब असा आहे. 1 ग्रॅम पाण्याचं तापमान 1 अंशाने वाढवायला 1 कॅलरी उष्णता लागते. 1 ग्रॅम पाण्याची सुगडावरून वाफ व्हायला मात्र सुमारे 580 कॅलरी लागतात. ही उष्णता बरीचशी आतल्या पाण्यातूनच घेतली जाते. म्हणजे एक ग्रॅम उडून गेला, तर अर्धा किलोहून जास्त पाणी एका अंशाने गार करण्याइतकी उष्णता तो घेऊन जातो. बाहेरची उष्णताही आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात पाणी त्याहून कमी गार होतं. (बिस्किटाच्या पुड्यावरची किलोकॅलरी म्हणजे अशा 1000 कॅलरी. हे मुलांना फार गमतीचं वाटतं.)

एवढं झाल्यावर ऊर्जेच्या रूपांची यादी करायला वेळ लागत नाही. सोड्याच्या बाटलीत रासायनिक, गॅसवर उष्णता, दिव्यात प्रकाश, फिरत्या पंख्यात गतिज. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, ही ऊर्जा आली कुठून आणि गेली कुठे?

सुगडाचा प्रयोग उन्हाळ्यात छान होतो. पावसाळ्यात पुन्हा करा. वजन फारसं घटत नाही आणि पाणीही फारसं गार होत नाही. दोन्ही नोंदी वहीच्या एकाच पानावर राहू द्या आणि कारण मुलांनाच विचारा.