पाणी मुरतंय कुठे? (लेखांक 6) : लिमाच्या बागा, अँडीजचं पाणी

पीट कसं साचतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पाण्याखाली हवा पोचत नाही, थंडीत कुजणं मंदावतं आणि मेलेल्या वनस्पतींचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. मीटरभर पीट म्हणजे साधारण हजार वर्षांचा साठा. तो खणून पोत्यांत भरला की काय होतं, ते समजून घ्यायला आज पेरूला जाऊ.

एक कोटी वस्तीचं लिमा वाळवंटात वसलंय. तिथे वर्षाकाठी पडणारा पाऊस आपल्याकडच्या वळवाच्या एका सरीएवढाही नसतो. शहराची भिस्त आहे ती मुख्यतः अँडीजमधून येणाऱ्या रीमाक नदीवर. डोंगरात पाऊस पडतो तो प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च. एरवी नदीला पाणी पुरवायला धरणं आणि बोगदे आहेत, तसाच चार हजार मीटरवरच्या पाणथळांचाही हातभार आहे. तिथले लोक त्यांना बोफेदाल म्हणतात.

बोफेदाल दुरून हिरवळीसारखा दिसतो. जवळ गेलं की कळतं, हे गवत नव्हेच. डिस्टिकिया नावाच्या वनस्पतीच्या एकमेकींना खेटलेल्या, टणक उशा असतात आणि त्यांच्यामधून पाणी झिरपत असतं. प्रत्येक उशी वरून वाढते, खालून मरते. मेलेला भाग पीट होतो. कोरड्या महिन्यांत आजूबाजूचं रान पिवळं पडलं तरी अल्पाका आणि मेंढ्यांना इथे चारा मिळतो.

लिमाच्या रोपवाटिकांना आणि बागांना हवं असतं ते नेमकं हेच पीट. हलकं, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारं. रीमाकला मिळणाऱ्या सांता युलालिया नदीच्या खोऱ्यातल्या काराम्पोमा भागातून ते शहरात गेलं. हिरव्या उशांसकट ढेकळं कापायची, वाळवायची, पोती भरून ट्रकवर चढवायची. मेंढपाळाच्या हातात चार पैसे रोख पडतात, पण हा व्यवहार दुभती गाय खाटकाला विकण्यातला. पैसा एकदाच येतो आणि दरवर्षीचा चारा जातो.

नुकसान खड्ड्यापुरतं राहत नाही. खड्ड्याच्या कडेने शेजारच्या धड पीटमधलं पाणी निथळू लागतं आणि पाण्याची पातळी उतरते. उघडं पडलेलं पीट रात्रीच्या हिमाने फुटतं, दिवसाच्या उन्हाने तडकतं. पार सुकलेलं पीट तर पाणी शोषायलाही तयार होत नाही. मग पावसाळ्यात पाणी मुरण्याऐवजी धावतं, घळी पाडतं आणि गाळ घेऊन खाली येतं. वरच्या जिवंत उशाच कापून नेलेल्या असल्याने नवा थर धरायलाही काही उरत नाही.

शिवाय कार्बन. पीटभूमी जगाच्या जमिनीच्या सुमारे 3 टक्केच, पण त्यांच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त. कुंडीतल्या पीटला हवा लागते, ते कुजतं आणि हजार वर्षं अडकून पडलेला कार्बन काही वर्षांत वातावरणात जातो. म्हणूनच बागेसाठी काढलेलं पीट उत्सर्जनाच्या हिशेबात धरलं जातं.

दुरुस्ती होते, पण कासवाच्या गतीने. काराम्पोमातल्याच मियोक इथे हे काम हाती घेतलं गेलं. अशा कामात चर बुजवून पाणी अडवायचं, जनावरं काही काळ दूर ठेवायची आणि उशा पुन्हा लावायच्या. लिमाच्या पाणीपुरवठा कंपनीने 2015 पासून पाणीपट्टीतला 1 टक्का पाणलोट जपण्यासाठी बाजूला काढायला सुरुवात केली, तोच पैसा अशा कामांसाठी आहे. म्हणजे बागेसाठी पीट घेणारं लिमातलं कुटुंब दोनदा पैसे मोजतं. आधी खड्डा पाडायला, मग तो बुजवायला. पोत्याच्या किमतीत फक्त खणाई आणि ट्रकभाडं धरलेलं असतं. पाण्याची किंमत कुणी धरतच नाही.

मग कुंडीत भरायचं काय? आपल्या रोपवाटिकांनी शोधलेलं उत्तर म्हणजे नारळाच्या सोडणांपासून केलेलं कोकोपीट. पण त्यातलं मीठ धुवायलाही पाणी लागतंच. तो हिशेब पुढच्या आठवड्यात.