रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं जड

नाशिकरोडच्या बिटको चौकात दुचाकी घसरते, डोकं दुभाजकावर आपटतं, दोन मिनिटं काही सुधरत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. खरा त्रास त्यानंतरचा. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपते, कुकरच्या शिट्टीनं कपाळ ठणकतं, पेपरातली चौथी ओळ वाचेपर्यंत पहिली विसरलेली असते. तीन आठवड्यांनी कुजबुज सुरू होते, ‘रिपोर्ट तर चांगलाय, मग हा कामावर का जात नाही?’

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. मुक्या मारात बिघडतो तो पेशींचा कारभार. हादऱ्यानं मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही उलथापालथ निस्तरायला पेशींच्या पंपांना जादा ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव एरवीही शरीराची 20 टक्के ऊर्जा खातो. मग किराणाचा हिशेब करतानाही दमछाक झाली तर नवल काय?

1962 साली बार्बाडोसमध्ये वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे क्रिकेट कर्णधार नारी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्यांना रक्त देणाऱ्यांत नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णीही होते. ती दुखापत जिवावरची. फुटलेल्या कवटीला वेळ द्यायला हवा, हे कुणालाही पटतं. न फुटलेल्या डोक्यासाठी मात्र आपण कुरकुरतो.

अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडलाय. खेळातल्या अशा दुखापतींवर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञ जमले होते. त्यांचं म्हणणं असं, की पहिले 24 ते 48 तास आराम करा, मोबाइल कमीत कमी बघा. पण चालणं-फिरणं बंद करू नका. नंतर हळूहळू वाढवा. दहाच्या मापावर त्रास आधीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला, तर घाबरायचं कारण नाही. म्हणजे आज दत्तमंदिरापर्यंत चालून डोकं जास्तच दुखलं, तर उद्या निम्म्या वाटेवरून परतायचं. नोट प्रेसमधल्या माणसानं यंत्रांच्या खडखडाटात पूर्ण पाळी करण्याआधी थोडे दिवस हलकं काम मागून घ्यावं.

बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, काहींना महिने लागतात. रेंगाळणाऱ्या चक्करेचं मूळ अनेकदा मानेत किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असतं आणि फिजिओथेरपीनं त्यात फरक पडतो. पण डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार उलट्या झाल्या, फिट आली, किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकीची किल्ली घरच्यांकडेच राहू द्यावी.