हलतोय ना, मग मोडला नाही?

"हलतोय ना? मग काही नाही झालं. पट्टी गुंडाळ आणि लाग कामाला."

बल्लारपुरात अंगठा दुखावलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. पेपर मिल, कोळसा खाणी, सागवानाचे डेपो आणि रेल्वे यांच्यावर उभं असलेलं हे गाव हाताने कमावतं. ओंडका सरकतो, पान्हा निसटतो, कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरताना अंगठा मागे जातो, गाडी घसरली की माणूस पहिल्यांदा हातच टेकतो. मग जवळचा कोणीतरी अंगठा हातात घेऊन वाकवून बघतो आणि निकाल देतो: हलतोय, म्हणजे हाड शाबूत आहे. सांगणारा आपुलकीनेच सांगतो, म्हणून ऐकणाराही विश्वास ठेवतो. हे वाक्य साफ चुकीचं आहे. ते ऐकून दोन-तीन महिन्यांनी वाकड्या, कमजोर अंगठ्यासह दवाखान्याची पायरी चढणारी माणसं बघितली की राग आल्याशिवाय राहत नाही.

चूक नेमकी कुठे आहे? डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाच्या थोडं वर, तळहाताच्या बाजूला अंगठ्याच्या रेषेत दाबून ठेवा आणि उजव्या अंगठ्याचं फक्त टोक वाकवा. बोटांखाली काहीतरी सरकलेलं जाणवेल. अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू अंगठ्यात नसतोच, तो कोपर ते मनगट या भागात असतो. तिथून एक लांब दोरी, म्हणजे टेंडन, अंगठ्याच्या शेवटच्या हाडापर्यंत जाते आणि ते ओढते. हाडाला तडा गेला तरी ही दोरी शाबूत असते. ती ओढली की अंगठा हलणारच. उलट कधी हाड धडधाकट असतं, पण दुखण्यामुळे माणूस अंगठा हलवत नाही. म्हणजे हलण्यावरून हाडाचं काहीच कळत नाही.

याचा पुरावा कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर पाहिलेला आहे. ९ जून २०१९ रोजी ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात शिखर धवनच्या डाव्या अंगठ्यावर चेंडू आदळला. तो खेळत राहिला आणि त्याने ११७ धावा काढल्या. नंतरच्या तपासणीत अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड मोडल्याचं निघालं आणि तो पुढच्या सगळ्या स्पर्धेला मुकला. मोडलेल्या अंगठ्याने बॅट धरून शतक होऊ शकतं, तर मोडलेल्या अंगठ्याने पान्हा धरता येणं यात नवल काय?

दुसरं उदाहरण लोक हमखास उलट्या बाजूने देतात. डिसेंबर २०२२ मध्ये ढाक्याला क्षेत्ररक्षण करताना रोहित शर्माचा अंगठा निखळला. त्याला टाके पडले, तरी पट्टी बांधून तो नवव्या क्रमांकावर उतरला आणि त्याने नाबाद ५१ धावा काढल्या. "रोहित पट्टी बांधून खेळला, तू काय रडतोस?" असं पोरांना ऐकवलं जातं. ऐकवणारे मधली गोष्ट गाळतात. रोहित आधी तपासणीसाठी गेला, हाड मोडलेलं नाही हे कळलं आणि मग तो मैदानात आला. त्यानंतर पुढचा एकदिवसीय सामना आणि दोन्ही कसोटी त्याने सोडल्या. आपल्याकडे पट्टीची नक्कल होते, तपासणीची आणि विश्रांतीची होत नाही.

याच गैरसमजाची दुसरी बाजू अधिक घातक आहे. हाड शाबूत राहून अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटला तर अंगठा कमी हलत नाही, उलट जास्त हलतो. अंगठ्याच्या मधल्या सांध्याला तर्जनीच्या बाजूने धरून ठेवणारा एक मजबूत बंध असतो. अंगठा झटक्याने बाहेर किंवा मागे ताणला गेला की तो फाटतो. १९५५ साली कॅम्पबेल या ब्रिटिश शल्यविशारदाने स्कॉटलंडमधल्या शिकार-राखणदारांच्या अंगठ्यांवर लेख लिहिला. ससे मारताना त्यांच्या अंगठ्यावर पुन्हा पुन्हा ताण येऊन हा बंध सैल पडलेला असे. १९६२ साली स्वीडनच्या बर्टिल स्टेनरने त्यापुढची गोष्ट दाखवली. बंध पूर्ण तुटला की कधी कधी त्याचं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर जाऊन बसतं. मग तुटलेली दोन टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. अशा अंगठ्याला वर्षभर पट्टी बांधली तरी तो जुळणार नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाली तर चांगली.

म्हणून अंगठा हलतो का हे विचारूच नका. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात किल्ली धरून फिरवता येते का, की चिमूट सुटते? दुसऱ्या हाताच्या तुलनेत सांधा डगमगतो का? अंगठ्याचं टोक सरळ करता येतं का? अंगठ्याच्या मुळाशी हाडावर दाबलं की कळ येते का? अंगठा वर ताणून धरला की मनगटाजवळ, अंगठ्याच्या खाली, एक खळगी पडते. त्या खळगीत दाबून दुखत असेल, विशेषतः पडताना तळहात टेकला असेल, तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे ते जुळायला हट्टी असतं. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही, म्हणून शंका असेल तर हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. "एक्स-रे साफ आला, विषय संपला" हा गैरसमज इथेच संपवलेला बरा. यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर वाईट आलं, अंगठा वाकडा दिसला, बधिर झाला किंवा जखम उघडी असली, तर घरची पट्टी विसरा आणि बल्लारपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

हे सगळं ठीक निघालं, नुसती लचक आहे, सूज थोडी आहे, पकड शाबूत आहे, तर मात्र घरी पट्टी बांधायला काहीच हरकत नाही. इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: गच्च बांधलं की लवकर बरं होतं. पट्टी अंगठा बरा करत नाही. ज्या दिशेला अंगठा गेला की दुखतं, ती दिशा ती अडवते, एवढंच तिचं काम. त्यासाठी आवळण्याची गरज नसते, पट्टी योग्य जागेवरून जाण्याची असते. आवळलेल्या पट्टीखाली सूज वाढत जाते आणि रक्त अडतं. बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधल्यामुळे बोटं काळी पडून गेल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी वारंवार केल्या आहेत. कामट्यांचा आधार देणं ही कल्पना वाईट नव्हे, हाड स्थिर ठेवायचं हे जुन्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं. घात करकचून बांधण्यात आहे.

बांधायचं कसं ते नीट पाहा. मेडिकलमधून एक इंची, न ताणली जाणारी चिकटपट्टी आणा. ल्युकोप्लास्टचं रीळ चालतं. डायनाप्लास्ट ताणली जाते, त्यामुळे ती नकळत आवळली जाते. नवख्याने ती टाळावी. हात धुऊन पूर्ण कोरडा करा, बाम किंवा तेल लावलेलं असेल तर पट्टी धरणार नाही. मनगटावरचं घड्याळ, कडं, देवाचा धागा, सगळं आधी काढा. सूज वाढल्यावर तोच धागा फास होतो. अंगठा पाण्याचा पेला धरल्यासारखा ठेवा, ताठ नको आणि तळहाताला चिकटलेलाही नको.

रिळातून थेट ओढत बांधू नका, तुकडे आधी कापून ठेवा. ओढत बांधलं की पट्टी आवळली जातेच. पहिला तुकडा मनगटाभोवती सैलसर लावा. हा नांगर. दुसरा तुकडा मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूने निघतो, अंगठ्याच्या मुळावरून बाहेरच्या बाजूने वर जातो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात मागून शिरतो, तळहाताच्या बाजूने बाहेर येतो, स्वतःलाच ओलांडतो आणि मनगटाच्या मागे येऊन संपतो. अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूला फुली पडलेली दिसली पाहिजे. असे तीन-चार तुकडे, प्रत्येक आधीच्यावर अर्धा चढलेला, मनगटाकडे सरकत लावा. शेवटी मनगटाभोवती आणखी एक तुकडा लावून सगळी टोकं झाका. अंगठ्याचं टोक आणि नख उघडं हवं.

नख उघडं का, तर तपासायला. नख दाबा, ते पांढरं पडेल. सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं, मुंग्या आल्या, टोक गार किंवा निळं पडलं, तर पट्टी लगेच काढा, सकाळपर्यंत थांबू नका. ज्यांच्या हाताला आधीच बधिरपणा आहे त्यांनी मात्र घरी पट्टी बांधूच नये, कारण ती आवळते आहे हे त्यांना कळणारच नाही. जुन्या मधुमेहात हे होतं आणि कुष्ठरोगातही होतं. बाबा आमट्यांनी १९४९ साली याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, आनंदवन उभारलं आणि कुष्ठरोगाचे नवे रुग्ण या जिल्ह्यात आजही सापडतात. कुष्ठरोगात बोटं झडतात ती मुख्यतः या बधिरपणामुळे, न जाणवलेल्या जखमांमधून. घट्ट पट्टीने त्यात भर घालू नका.

एकदा बांधली की आठवडाभर निश्चिंत, हाही समज खोटा. घोट्याच्या पट्टीवर १९६२ साली झालेल्या एका प्रयोगात दहा मिनिटांच्या जोरकस व्यायामातच पट्टीचा सुमारे ४० टक्के आधार निघून गेला होता. बल्लारपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घामात हा आधार किती टिकेल याचा विचार करा. कामाला जाताना बांधा, आल्यावर काढा, कातडी लाल झाली असेल तर एक दिवस विश्रांती द्या. रात्री पट्टीची गरज नसते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. लचक चोळून उतरत नाही, ताज्या फाटलेल्या बंधाला चोळणं म्हणजे तो आणखी फाडणं. "ओढून कट्ट वाजवला की बसतो" असं म्हणणाऱ्याच्या हातात अंगठा देऊ नका, निखळलेला सांधा फोटो काढल्यावर डॉक्टरच बसवतात. पहिल्या दोन दिवसांत शेक नको, त्याने सूज वाढते, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, पण तो आधाराचं काम करत नाही आणि त्यावर पट्टीही चिकटत नाही. रंगीत लवचिक टेप खेळाडूंच्या अंगावर दिसते, तिने सांधा अडवला जात नाही. "लेकरांची हाडं लवचिक, त्यांना काही होत नाही" हे तर उलटंच आहे: वाढत्या मुलांत हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती बंधापेक्षा कमजोर असते, म्हणून मोठ्या माणसाला जिथे लचक भरते तिथे मुलाचं हाड मोडू शकतं. मुलाचा सुजलेला अंगठा दाखवूनच आणा.

आणि "एक अंगठाच तर आहे" असं कोणी म्हणालं, तर त्याला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा दाखवा. त्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरलं होतं, अंगठा गेला तर ३० टक्के.

साधी लचक असेल तर दोन-तीन दिवसांत दुखणं उताराला लागतं. नाही लागलं, तर फोटो काढा. दुखणं ओसरलं की पट्टीशिवाय दिवसातून तीन-चार वेळा अंगठ्याचं टोक आधी तर्जनीच्या टोकाला, मग मधल्या बोटाच्या, अनामिकेच्या आणि करंगळीच्या टोकाला टेकवा, आणि तिथून करंगळीवरून खाली सरकत तिच्या मुळापर्यंत न्या. दुसरा अंगठा जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत हा पोचला आणि किल्लीची चिमूट दोन्ही हातांची सारखी झाली, की पट्टी बंद करा आणि ओंडक्याला हात घाला.