आखाड्यावरचे कुत्रे : राखणदार की चावरे?

फाल्गुन-चैत्रात आमच्या शिरड शहापूरच्या शिवारात हळद शिजते. शिजवलेली हळद पुढे दहा-पंधरा दिवस उघड्यावर वाळत पडलेली असते आणि तेवढ्या रात्री घरधन्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मोटारपंप, केबल यांची चोरी आहे, रानडुकरे आहेत. त्यामुळे आखाड्यावर मोठ्या जातीचे कुत्रे ठेवण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. पूर्वी गावठी कुत्र्यावर भागत असे. आता रॉटवायलर, डॉबरमन, अल्सेशियन, नाही तर त्यांचा संकर लागतो. 'डॉक्टरसाहेब, कुत्रं आणलंय, काही इंजेक्शन लागतं का?' असे विचारणारा शेतकरी आठवड्याला एक तरी भेटतो. मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या लसीसाठी जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवून मोकळा होत असे. त्याला शिकवता कसे, हे मात्र मी कधी विचारले नाही. ते विचारायला हवे होते, हे एका पाडव्यानंतर कळले.

त्या दिवशी एका बागायतदाराच्या नव्या सालगड्याने आपल्या सात वर्षांच्या मुलाला उचलून माझ्याकडे आणले. गालावर आणि दंडावर कुत्र्याचे दात खोल गेले होते. जखमेत हळद गच्च भरलेली. कुत्रे दोन वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून आणलेले. दिवसभर साखळीला, रात्री मोकळे. जुना सालगडी त्याला भाकरी घाली, म्हणून त्याचे ऐके. पाडव्याला साल संपले, जुना गडी गेला, नवा आला. कुत्र्याच्या लेखी हे अख्खे कुटुंब चोरच होते. पोराने पाण्याचा हंडा भरायला हौदाकडे धाव घेतली आणि कुत्र्याने त्याला धरले. धन्याने 'सोड, सोड' म्हणून ओरडून पाहिले. 'सोड' म्हणजे काय, हे कुत्र्याला कोणी शिकवलेच नव्हते.

कुत्रे 'कडक' व्हावे म्हणून आपल्याकडे काय काय चालते ते ऐकून थक्क व्हायला होते. भाकरीत तिखट घालणे, आखूड साखळीला डांबून ठेवणे, पोरांकडून काठीने डिवचून घेणे, उपाशी ठेवणे. यातून कुत्रे राखणदार होत नाही. ते घाबरट आणि चिडके होते. घाबरलेले कुत्रे चोर आणि पाहुणा यांत फरक करत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून त्याच्याजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे चावा.

राखणीचे शिक्षण खरे तर पिल्लूपणीच होते. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत त्याने जे पाहिले, ते त्याला पुढे आपले वाटते. या काळात त्याला लहान मुले, डोक्यावर ओझे घेतलेल्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, ट्रॅक्टर, मोटारसायकल, शेरडे, कोंबड्या सारे दाखवावे, पण धाक न घालता. धनगर बांधवांकडे पाहा. त्यांचे पिल्लू मेंढरांतच लोळत वाढते, मेंढरांना आपले मानते आणि परक्याची चाहूल लागताच भुंकते. त्याला कोणी हल्ला करायला शिकवलेले नसते.

तीन महिन्यांपासून साधे हुकूम सुरू करावेत : ये, बस, थांब, सोड, चूप. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. एकाने 'बस' आणि दुसऱ्याने 'बैठ' म्हटले की पिल्लू गोंधळते. धडा पाच-दहा मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. बरोबर केले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. क्षणभराचाही उशीर झाला तर बक्षीस कशाचे, ते त्याला कळत नाही. 'सोड' शिकवताना तोंडातली वस्तू ओढून घेऊ नये. जास्त चांगली वस्तू पुढे करावी, तो आपोआप सोडतो. भुंकणे दाबू नये. दोन-चारदा भुंकला की 'शाबास' म्हणावे, मग 'चूप' म्हणून थांबवावे. आखाड्याला एवढीच राखण पुरते. कुत्र्याने धन्याला जागे करावे, पुढचे धन्याने पाहावे. अंगावर सोडण्याचे शिक्षण घरी देऊ नये. ते जाणत्या शिक्षकाचे, वयात आलेल्या आणि हुकुमात पक्क्या असलेल्या कुत्र्यासाठीचे काम आहे.

पोलिसांच्या कुत्र्यांचे कौतुक आपण ऐकतो. 1993 च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुंगून काढले. 2000 साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. या सगळ्या कामगिरीत त्याला कोणाला चावावे लागले नाही. हुंगायचे आणि सांगायचे, एवढेच त्याचे काम. अशा कुत्र्याचा हस्तक ठरलेला असतो, आणि तो नसेल तेव्हासाठी दुसरा माणूसही तयार केलेला असतो. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. सालगडी दर पाडव्याला बदलणार असेल, तर कुत्र्याची दोरी धन्याच्या हातात हवी. नवा गडी येण्याच्या आधी आठ दिवस त्याला आणि त्याच्या बायकामुलांना धन्याने स्वतः कुत्र्यासमोर आणावे, त्यांच्या हातून खाऊ घालावे. तोवर कुत्रे जाळीच्या आवारात राहू द्यावे. आणि कितीही ओळख झाली तरी दहा-बारा वर्षांच्या आतले मूल मोठ्या कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून लहानांना गाल, मान आणि डोक्यावर चावे बसतात.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलरसह 23 जातींवर बंदी घालण्याचे राज्यांना कळवले होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. जातीचा वाद वकिलांनी करावा. मला एवढे दिसते की चाळीस किलोचे अशिक्षित कुत्रे सावरणे कोणाच्याच हातात नसते. कायदाही धन्यालाच धरतो. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता माझ्या खात्याचे. पिल्लाला तीन महिन्यांचे असताना रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तो दुसरा डोस आणि पुढे दरवर्षी. कुत्र्याला रोज हाताळणाऱ्या माणसानेही आधीच लस घेऊन ठेवली तर उत्तम. जंताचे औषध वेळेवर द्यावे. बकऱ्याचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतून आपल्या हातापोटात जातात आणि वर्षांनंतर माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ निघते. केसाळ, थंड मुलखातली जात आपल्या उन्हात आणूच नये, उष्माघाताने जाते.

चावा झालाच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून जखम धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही नको. हळद आपली लक्ष्मी खरी, पण रेबीजचे विषाणू तिने मरत नाहीत. जखम मात्र झाकली जाते आणि धुणे राहून जाते. मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळाच सुई घ्यावी लागते. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी, त्याला मारून टाकू नये. पण त्याची वाट पाहत लस लांबवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर आमच्या हातात काही राहत नाही.

त्या पोराची जखम आम्ही आधी अर्धा तास धुतली, कारण हळद निघेना. मग त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. गालावर वण राहिला आहे. कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले. धन्याने आता जाळीचे आवार बांधले आहे आणि रोज संध्याकाळी दोरी धरून तो 'सोड' शिकवतो. दोन वर्षांच्या कुत्र्याला ते जड जाते आहे. परवा त्याने मला विचारले, 'साहेब, अजून किती दिवस लागतील?' मी म्हणालो, 'पुढच्या पाडव्याच्या आत झाले पाहिजे.'