चवदार तळ्याचा कज्जा आणि माझी समतेवरील श्रद्धा

सर्व माणसे समान आहेत या तत्त्वावर माझी राजकीय श्रद्धा आहे असे म्हटले की पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्याचा अर्थ सर्वांची बुद्धी, बळ आणि कर्तबगारी एकसारखी आहे असा करून घेतात, आणि हाताची पाचही बोटे सारखी नसतात हे ठरीव उत्तर देऊन मोकळी होतात. या आक्षेपाचा माझ्या श्रद्धेला स्पर्शही होत नाही. पाणी, रस्ता, शाळा, न्यायासन, मतपेटी असे जे जे समाजाने सर्वांच्या नावाने आणि सर्वांच्या पैशाने उभारले, त्यापाशी येणाऱ्या माणसाला त्याचे कूळ विचारले जाऊ नये, आणि तेथील त्याचा प्रवेश इतरांच्या औदार्यावर न टिकता त्याच्या स्वतःच्या हक्कावर टिकावा, एवढाच माझा आग्रह आहे. तो किती माफक आणि तरीही किती दुर्घट आहे, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने महाडच्या चवदार तळ्याचा कज्जा अथपासून इतिपर्यंत पाहावा.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तशाच आशयाचा ठराव करून आपले तळे खुले केले. अन्य धर्मीयांना आणि गुराढोरांना ज्या पाण्याची कधी मनाई नव्हती ते पाणी कागदोपत्री सर्वांचे झाले. प्रत्यक्षात मात्र पुढील तीन वर्षे तो ठराव दप्तरातच राहिला. कारण हुकूम निघाला म्हणून धाक जात नाही, आणि ज्याच्या रोजच्या भाकरीची दोरी गावाच्या हाती आहे तो केवळ ठरावाच्या आधाराने तळ्याची पायरी उतरत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी या चळवळीत त्यांच्या बरोबरीने उभी होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी कंडी पिकवण्यात आली, मंडपात जेवायला बसलेल्यांना मारहाण झाली, आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. पण मला त्याहून अधिक विचार करायला लावते ती ऑगस्ट १९२७ मधील घटना. त्या महिन्यात नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जे बहुमताने हात वर करून दिले ते तसेच हात वर करून परत घेता आले. एखाद्या मनुष्याचा पाणी पिण्याचा अधिकार शेजाऱ्यांच्या बैठकीतील मतगणनेवर अवलंबून राहू देणारी लोकशाही अपुरी आहे, हे माझे मत या एका घटनेने पक्के केले.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा कोणी हिंदू जमीनमालक जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. इतक्यात विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावून, तळे खाजगी असल्याच्या व वहिवाट पुरातन असल्याच्या सबबीवर तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले, आणि तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी कोर्टाच्या हुकुमाचा मान राखून तहकूब केले. प्राण पणाला लावायला आलेल्या लोकांना, न्यायासनापुढे आपली बाजू खरी ठरेपर्यंत थांबा असे सांगणे आणि त्यांनी ते ऐकणे, यांत समतेइतकीच कायद्यावरीलही निष्ठा आहे. आजच्या उतावळ्या राजकारणाने ती नीट न्याहाळावी असे मला कळकळीने वाटते.

खालच्या कोर्टातून अपिलात जात जात अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली! आणि निवाड्याचा आधार तरी कोणता? तर, बंदीची वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे हे वादींना शाबीत करता आले नाही. म्हणजे वहिवाट पुरेशी जुनी असल्याचा भक्कम पुरावा समोर आला असता, तर अन्यायाच्या प्राचीनतेनेच अन्यायाला कायद्याचे बळ दिले असते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने हा प्रश्नच बदलला. तेराव्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा निरर्थक ठरवताना कायद्याचे बळ असलेल्या रूढी व वहिवाटी यांनाही त्यात गोवले, पंधराव्याने विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचा नामनिर्देश करून तेथील भेदभाव मना केला, आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. वहिवाट किती जुनी हे आता विचारायचेच नाही. माझ्या राजकीय श्रद्धेचा मजकूर मला या तीन अनुच्छेदांत सापडतो, आणि ज्यांची मते मला मुळीच पटत नाहीत अशा माणसांनाही त्यांचे संरक्षण तितकेच मिळावे, असे मी मानतो.

काळ आणि शिक्षण हे काम आपोआप करतील, असे समजूतदार लोक सांगतात. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत काळ गेला होता, आणि तळे ‘शुद्ध’ करणारांत शिकलेल्यांची वाण नव्हती. म्हणून अंमलबजावणीचा आग्रह मी सोडू शकत नाही. नळयोजना आली की तिचा नकाशा ग्रामसभेत सर्वांदेखत उलगडला जावा व गावकुसाबाहेरच्या वस्तीची वाहिनी मुख्य गावाबरोबरच टाकली जावी. पाण्याचे हंडे ज्या बायका वाहतात त्यांचे म्हणणे टाकीची जागा ठरवताना आधी ऐकले जावे. आणि १९५५ च्या, आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली कोणी फिर्याद घेऊन आला, तर गावात समेट करून घे असे सांगून ठाणे अंमलदाराने त्याला परत न पाठवता ती त्याच दिवशी नोंदवून घ्यावी.