गोडी मारणारे पान

कोकणात, सह्याद्रीत आणि दख्खनच्या रानात झुडपांवर चढणारी एक वेल आढळते. तिचे नाव गुडमार. तिचे पान चावून मग साखर खाल्ली, तर ती वाळूसारखी बेचव लागते! मीठ मात्र खारटच लागते.

ही करामत पानातील जिम्नेमिक आम्लाची. १८८७ साली डेव्हिड हूपर यांनी ते पानातून वेगळे काढले. जिभेवर गोड चव ओळखणारे ग्राहक रेणू असतात. हे आम्ल त्यांना चिकटून बसते आणि काही वेळ गोडी कळेनाशी होते.

जिभेवरची गोडी मारणारे पान रक्तातली साखरही मारील काय? जीभ वेगळी, रक्त वेगळे. तेव्हा प्रयोगच करायला हवा. १९३० साली म्हसकर आणि कायस या संशोधकांनी गुडमारवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून हा शोध चालू आहे.

अशा प्रयोगाची रीत ठरलेली असते. पाने वाळवून, पूड करून तिचा अर्क काढतात. मधुमेह झालेल्या उंदरांचे दोन गट करतात. एका गटाला अर्क देतात, दुसऱ्याला नुसते पाणी. मग दोन्ही गटांच्या रक्तातील साखर मोजतात. अर्काने यकृताला किंवा मूत्रपिंडाला अपाय होतो का, हेही पाहतात. माणसांची पाळी त्यानंतर येते.

१९९० साली मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी २२ मधुमेही रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. १८ ते २० महिन्यांत रक्तातील साखर उतरली आणि पाच जणांना नेहमीची औषधे बंद करता आली. मग प्रश्न सुटला का? नाही. रुग्ण थोडे होते. शिवाय अर्क कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, आणि आपण काय घेतो हे रुग्णांना ठाऊक होते. औषध घेतो आहोत एवढ्या जाणिवेनेही माणूस पथ्य अधिक पाळू लागतो!

युरोपातील गॅलेगा या वनस्पतीत गॅलेजिन नावाचे द्रव्य सापडले. तेही साखर उतरवी, पण विषारी ठरले. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरले. आज जगभर कोट्यवधी रुग्ण ते घेतात.

म्हणजे पाल्यातून औषधाची वाट सापडते, पण पाला म्हणजे औषध नव्हे. ज्याचे शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्याने पाल्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडले, तर काही दिवसांतच प्राणावर बेतू शकते. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ असे कानावर आले, की विचारा: किती जणांना? कोणाशी तुलना करून?